जाळीवरचं मटण वातड, वरची हिरवी चटणी काळी: दर वेळचं दुखणं आणि त्याचं मूळ

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल.

बोकडाच्या रानाचे (मांडीचे) जाड काप स्टेकसारखे तापलेल्या जाळीवर टाकले की चर्र असा आवाज यायला हवा. माझ्याकडे फसफस यायची. कापांतून पाणी सुटायचं, खालचे कोळसे मलूल व्हायचे आणि मटणाला तपकिरी रंग यायच्या ऐवजी ते उकडल्यासारखं राखाडी दिसायचं. रंग यावा म्हणून आणखी पाच मिनिटं ठेवायचं, तोवर आतला रस संपलेला. वर घालायला केलेली सांबाराची (कोथिंबिरीची) चटणी वाटताना पोपटी असायची, पानात वाढेपर्यंत शेवाळासारखी आणि चवीला कडवट.

एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. दोन हिवाळे हेच चाललं. सासरे भला माणूस. "मस्त झालं बेटा, पण आमच्या कवळीले झेपत नाही," म्हणून तुकडा हळूच बाजूला ठेवायचे. धाकटे दीर तेवढे भले नाहीत. "वहिनी, हे किती नंबरचं आहे? मला नऊ नंबर लागतो."

मूळ पदार्थ आपला नाही हे खरं. स्टेक म्हणजे गोमांसाचा जाड काप, आणि त्यावरचा हिरवा सॉस म्हणजे अर्जेंटिना-उरुग्वेकडची चिमिचुर्री: पार्सली, लसूण, ओरेगॅनो, लाल मिरची, व्हिनेगर, तेल. आपल्या राज्यात 2015 पासून गाईसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, आणि आमच्या घरी तसंही बोकडाशिवाय काही शिजत नाही. म्हणून मी रान घेतलं आणि पार्सलीच्या जागी सांबार. (सांबार हा आमच्या विदर्भातला शब्द. पुण्याहून आलेल्या मैत्रिणीला येताना सांबार आण म्हटलं तर ती इडलीच्या मसाल्याचं पाकीट घेऊन आली होती.)

सल्ले भरपूर मिळाले. कच्ची पपई लाव. दही लाव. रात्रभर मुरव. कोळसा बाभळीचाच घे. सगळं केलं. पपईने तर कमालच झाली: वरचा थर पिठूळ, लगदा झालेला, आणि आत तेच चामडं. कारण पपईतलं पपेन पृष्ठभागावरच काम करतं, दोन-अडीच सेंटिमीटर आत ते शिरत नाही. कबाबाच्या पातळ तुकड्यांना ते ठीक, जाड कापाला नाही. दह्याचंही तसंच. शिवाय दह्याचं पाणी जाळीवर सुटतं ते वेगळंच.

खरं कारण कळलं ते पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी आमच्याकडे नागपुरात, महाल भागात मारबतीच्या मिरवणुकीची गर्दी, आणि श्रावण सुटल्यामुळे मटणाच्या दुकानावर तिच्याहून मोठी रांग. माझा नंबर आला तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, आत्ताच कापलं, पहा कसं गरम हाय." मी खूश. घरी आणून दोन तासांत जाळीवर टाकलं, आणि आजवरचं सगळ्यात वातड मटण त्या दिवशी झालं. त्याच रानाची हाडं आणि उरलेले तुकडे सासूबाईंनी कुकरला लावून सावजी मसाल्याचा रस्सा केला, तो मात्र लोण्यासारखा.

बोकड तेच, दिवस तोच. मग फरक कुठे?

कापल्यानंतर काही तासांत जनावराचे स्नायू ताठरतात. स्नायूंतली ऊर्जा संपली की त्यांचे धागे एकमेकांत अडकून बसतात, सुटत नाहीत. पुढे थंडीत ठेवलं तर एक-दोन दिवसांत मांसातलीच एन्झाइम्स ती बांधणी सैल करतात. रस्स्याला याचा फरक पडत नाही, कारण तिथे तास-दीड तास उकळून किंवा कुकरच्या वाफेने कोलॅजनचं (मांसातल्या चिवट तंतूंचं) जिलेटिन होतं, सगळं सुटून येतं. जाळीवर आपण देतो जेमतेम आठ-दहा मिनिटं. तेवढ्यात काही सुटत नाही, उलट आवळतं. आपण नागपूरकर ‘ताजं’ या शब्दावर जीव टाकतो, आणि रस्सा खाणाऱ्यांनी खुशाल टाकावा. जाळीसाठी मात्र गरम मटण हाच सगळ्यात मोठा दोष.

पुढच्या आठवड्यात मी जाऊन "कालचं रान आहे का?" असं विचारलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. "कालचं काहून पायजे, ताई? घरी भांडण झालं का?"

हे कळल्यावर मी दुसरी चूक केली, आणि माझ्या अंदाजाने वाचणाऱ्यांपैकी अर्धे लोक हीच करत असतील. सकाळी ताजं मटण आणलं, काप केले आणि तडक फ्रीझरमध्ये टाकले. दोन दिवसांनी काढले. परत वातड, वर पाण्याचं तळं. कारण असं की ताठरणं पूर्ण व्हायच्या आधीच मांस एकदम गार केलं तर धागे आणखी आखडतात. छोट्या जनावरात, म्हणजे बोकडात, हे लवकर होतं, कारण मांसाचे थर पातळ, लगेच गार होतात. आणि हाडापासून सोडवलेला स्नायू आखडायला मोकळाच असतो. हाडावर असला तर हाड त्याला ताणून धरतं.

म्हणून आता माझी पद्धत ही. ज्याच्याकडे शीतकपाट आहे अशा दुकानातून आदल्या दिवशीचं अख्खं मागचं रान. ते नसेल तर शुक्रवारी-शनिवारी सकाळी हाडासकट पूर्ण रान आणायचं, न कापता, फ्रीझरमध्ये नाही तर खालच्या फ्रिजमध्ये, सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवायचं. खालच्या अशासाठी की गळालेलं रक्त दुसऱ्या कशावर पडू नये. (आमच्याकडे वरच्या कप्प्यात सासूबाईंचं विरजण असतं. त्या कप्प्याच्या उंचीवर मटण दिसलं तर स्टेक राहू द्या, मीच शिजेन.) फ्रिज 4 अंशांच्या खाली असायला हवा. दीड-दोन दिवस पुरे. रान लहान बघा, दीड किलोच्या आतबाहेरचं. थोराड बोकडाच्या रानाला जाळीवर कोणीच मऊ करू शकत नाही.

जाळीवर न्यायच्या आदल्या रात्री रान सोडवायचं. हे काम खाटकाला सांगू नका. तो सातूर घेऊन ठोकळ्यावर हाडासकट तुकडे पाडेल, आणि आपल्याला ते नको. रान म्हणजे एक स्नायू नव्हे, चार-पाच स्नायूंचा गठ्ठा आहे, प्रत्येकाचे धागे वेगळ्या दिशेला. मधल्या पांढऱ्या झिल्लीवरून सुरी फिरवली की ते आपोआप सुटे होतात. झिल्ली काढून टाका, ती कितीही शिजवा, रबरच राहते. मग प्रत्येक स्नायूचे धाग्यांना आडवे असे 3 सेंटिमीटर जाडीचे काप. मी आधी बोटभर करायचे. पातळ काप रंग यायच्या आत आतून शिजून जातो, त्यावर इलाज नाही. पोटरीकडचा भाग जाळीला वापरूच नका, तो हाडांबरोबर रस्स्याला.

आता ती फसफस.

मटण तीन पाण्यांनी धुवायचं, हे आपल्या हाताला इतकं बसलंय की न धुता हात लावायलाच किळस येते. माझीही तीच गत. पण ओल्या कापावर आधी त्याच्यावरचं पाणी उडावं लागतं. पाणी आहे तोवर पृष्ठभाग 100 अंशांच्या वर जात नाही, आणि तपकिरी रंग, तो भाजका वास, यांना साधारण 140 अंशांच्या पुढची उष्णता लागते. लुई-कामिय माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये या अभिक्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला त्याचं नाव. थोडक्यात, जाळीवर माझं मटण भाजत नव्हतं, स्वतःच्या पाण्यात उकडत होतं. धुवायचंच असेल तर अख्खं रान आणल्या आणल्या धुवा, पुसून कोरडं करा, आणि काप केल्यावर पाणी दाखवू नका. नळाखालच्या पाण्याने जंतू मरत नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर पसरतात. ते मरतात आचेवर.

मीठ कधी लावायचं यावर घराघरांत वाद. माझा अनुभव: एकतर आदल्या रात्री, नाहीतर अगदी जाळीवर टाकताना. मधली वेळ वाईट. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, दहा-पंधरा मिनिटांनी काप ओलाकच्च होतो. पुढे तेच पाणी मिठासकट हळूहळू आत मुरतं. किलोला 10 ते 12 ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे, लावून काप पापड भाजायच्या जाळीवर ठेवा, खाली ताट, वर काही न झाकता फ्रिजमध्ये. सकाळी पृष्ठभाग हाताला कोरडा, किंचित चिकट लागतो. तसा लागला की समजायचं काम झालं. हळद, आलं-लसूण, तिखट यातलं काही लावू नका. हा आमच्या घरातला मोठा तंटा. हळद-लसूण कोळशावर करपतात आणि तोच कडूपणा आपण चटणीच्या नावावर टाकतो. काळी मिरी हवी तर उतरवल्यावर भरडा.

"फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवा" हा सल्लाही सगळीकडे सापडतो. तो देणाऱ्यांनी नागपुरातला मे महिना पाहिलेला नाही. 23 मे 2013 ला इथे 47.9 अंश नोंदले गेलेत. अशा दिवसांत ‘खोलीचं तापमान’ म्हणजे जंतूंचा पाळणा. हवा 32 अंशांच्या वर असेल तर कच्चं मटण तासाभरापेक्षा जास्त बाहेर नको, आणि कोरडं केलेलं असेल तर थेट फ्रिजमधून जाळीवर टाकलं तरी काही बिघडत नाही. कूलरसमोर तर ठेवूच नका. कूलरची हवा गार असते पण दमट, रात्रभर कोरडा केलेला पृष्ठभाग परत ओला होतो.

आचेबद्दल फार बोलत नाही. कोळशावर पांढरी राख धरेपर्यंत थांबायचं, मग सगळे कोळसे शेगडीच्या एका बाजूला सारायचे. तळहात जाळीच्या वर वीतभर धरला आणि दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावासा वाटला, की आच बरोबर. काप कोळशाच्या बाजूला एका अंगाने दोन-अडीच मिनिटं, दुसऱ्या अंगाने तेवढंच, मग रिकाम्या बाजूला सरकवून तीन-चार मिनिटं. तेल कापाला बोटाने पुसण्यापुरतंच लावा. तेल ठिबकून जाळ उठतो आणि त्या जाळाने रंग येत नाही, काजळी येते. गच्ची नसेल तर बिडाचा तवा घ्या, धूर निघेपर्यंत तापवा, एका वेळी दोनच काप. तवा भरला की तो गार पडतो आणि परत फसफस.

आतून झालं की नाही हे मी बोटाने दाबून ओळखायचे, म्हणजे ओळखता यायचं नाही. शेवटी काडीचा थर्मामीटर आणला. उतरवताना मध्यात 61-62 अंश. पाच मिनिटं विसावलं की 63 पार होतं, आणि अख्ख्या कापासाठी तेवढं सुरक्षित मानतात. 70 च्या पुढे गेलं की गुलाबी रंगही जातो आणि रसही. घरात कोणी गरोदर असेल किंवा आजारातून उठलं असेल तर या गुलाबी भानगडीत पडू नका, त्यांच्यासाठी रस्साच.

थर्मामीटरवर आंधळा विश्वासही नको. 2024 च्या मे महिन्याच्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश दाखवले, देशभर बातम्या झाल्या, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. तुमच्या काडीचंही तेच होऊ शकतं. बर्फाच्या पाण्यात 0 दाखवते का आणि उकळत्या पाण्यात 99 च्या आसपास, एवढं तपासा. शंभर नाही, कारण नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर आहे आणि इथे पाणी जरा आधीच उकळतं. माझी पहिली काडी बर्फात 6 दाखवायची. म्हणजे ती 62 म्हणायची तेव्हा आत 56 असणार. त्या वेळी मी ते मटण आवडीने खाल्लं होतं, आता आठवलं की पोटात कालवतं.

विसावा ताटात नको, परत त्या पापडाच्या जाळीवर. स्टीलच्या ताटात खालची बाजू स्वतःच्या वाफेने ओली होते आणि मिळवलेला सगळा कुरकुरीतपणा जातो.

राहिली चटणी. इथे माझ्या तीन चुका होत्या आणि तिन्ही मिक्सरशी संबंधित.

रंग जातो तो आंबटाने. पानांतल्या हरितद्रव्यात मॅग्नेशियम असतं, आम्ल ते काढून टाकतं, आणि उरतं ते शेवाळी. म्हणजे लिंबू वाटतानाच घातलं की वाढेपर्यंत रंग उतरलाच. लिंबू अगदी शेवटी, पान वाढताना. पुदिना काळा पडतो त्याचं कारण वेगळं: चुरगळला की हवेने काळवंडतो, कापलेल्या वांग्यासारखा. मिक्सरमध्ये तो चुरगळतोही आणि तापतोही. पुदिना जास्त घालायचा असेल तर पानं उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, मग घट्ट पिळा. मी एवढा खटाटोप करत नाही, पंधरा-वीस पानं घेते आणि धारदार सुरीने चिरते. बोथट सुरीने चिरलं तर वाटल्यासारखंच झालं.

कडूपणा आला तो तेलातून. ऑलिव्हचं महागाचं तेल पानांबरोबर मिक्सरमध्ये जोरात फिरवलं की कडवट होतं, ते शेवटी हाताने ढवळूनच घालायचं. आता मी फल्लीचं (शेंगदाण्याचं) घाणीचं तेल वापरते. जवसाचं तेल मला प्रिय, चमचाभर घातलं तर मातीचा छान वास येतो, पण बाटली उघडून महिना झाला असेल तर नको, ते लवकर खवट होतं. उन्हाळ्यात सांबारही कडू असतो. मे महिन्यात जुडीत फुलं आलेली, पानं बडीशेपेसारखी बारीक झालेली दिसली तर ती घेऊ नका. हा पदार्थ नागपुरात खरं तर हिवाळ्याचाच, सांबारवडीसारखा, जेव्हा भाजीवाली जुडीवर जुडी फुकट टाकते.

पाणचटपणाचं कारण परत ओलावा. सांबार धुतल्यावर पंचावर पसरून पंख्याखाली अर्धा तास.

माझं प्रमाण चौघांसाठी: कोवळ्या काड्यांसकट एक मोठी जुडी सांबार बारीक चिरलेला, वर सांगितलेला पुदिना, एक हिरवी मिरची, अर्धा चमचा सुका ओरेगॅनो (पिझ्झासोबत येणाऱ्या पुड्या प्रत्येकाच्या खणात साठलेल्या असतात, त्यांना शेवटी काम मिळालं), अर्धा चमचा मीठ, सात-आठ मोठे चमचे तेल. हे तासभर मुरू दे. तीन लसूण पाकळ्या खलबत्त्यात एका लिंबाच्या रसातच ठेचायच्या, आंबटामुळे लसणाचा उग्रपणा वाढत नाही, आणि तो ठेचा वाढायच्या वेळी चटणीत. संत्र्याचा रस घालू का, असं मला हमखास विचारतात. नका. नागपूरचं आहे म्हणून प्रत्येक गोष्टीत संत्रं पिळायलाच हवं असं नाही. इथे ते गुळमट लागतं, मटणाच्या चरबीला कापणारा आंबटपणा लिंबाकडेच.

आणि एवढं करूनही कधीतरी वातड होईलच. बोकडाचं वय दुकानात विचारून कळत नाही. तसं झालं तर काप परत जाळीवर ठेवू नका, आणखी आवळतील. तुकडे करा, आदल्या रात्रीच्या हाडांच्या रस्स्यात टाका, कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या घ्या. भाजका वास उतरलेला तो रस्सा आमच्याकडे आता इतका चालतो की गेल्या रविवारी दिरांनी विचारलं, "वहिनी, आज बिघडणार आहे ना?"